गोंदवलेकर महाराजांची जयंती: दर माघात विचारले जाणारे प्रश्न

श्रीराम समर्थ.

माघ लागला की माझा फोन वाजायला लागतो. आमचं नामाचं मंडळ लहान आहे. साताऱ्यातल्या जुन्या पेठेतल्या एका वाड्याच्या माजघरात आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी बसतो. मंडळाला अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. एक जपाची वही आहे, ती माझ्याकडे असते, आणि म्हणून फोनही मलाच येतात. प्रश्न दरवर्षी तेच, उत्तरंही तीच. यंदा एकदाची लिहून काढतो म्हटलं. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते तरीही फोन करतीलच. त्यांनी दुपारी दोन ते चार सोडून करावा.

जयंती नेमकी कधी असते? आमच्या कॅलेंडरवर दिसत नाही.

माघ शुद्ध द्वादशी. शके १७६६ मध्ये याच तिथीला, बुधवारी, माण तालुक्यातल्या गोंदवले बुद्रुक इथं श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचा जन्म झाला. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १८४५. आपण तिथी धरतो, त्यामुळे तारीख सरकत राहते. २०२४ ला ती २१ फेब्रुवारीला आली, २०२५ ला ९ फेब्रुवारीला, २०२६ ला ३० जानेवारीला. दरवर्षी दहा-बारा दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे २०२७ ची जयंती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जाते.

कॅलेंडरवर नसेल तर जया एकादशी शोधा. ती सगळ्या कॅलेंडरांवर असते. तिच्या दुसऱ्या दिवशी आपलं काम.

मग सरळ १९ फेब्रुवारीच का धरत नाही? नोकरदारांना बरं पडेल.

हा प्रश्न बहुतेक पुण्याहून येतो. एक तर तिथीनं करायची रीत आहे, गोंदवल्यालाही तिथीच पाळतात. दुसरं असं, की १९ फेब्रुवारी ही सरकारी शिवजयंती. त्या दिवशी पोवई नाक्यावरून गाडी काढून दाखवा, मग आपण तारखेवर बोलू. साताऱ्यात त्या दिवशी महाराज म्हटलं की एकच महाराज, आणि ते बरोबरच आहे.

जयंती आणि पुण्यतिथी यांत लोकांचा गोंधळ होतो. मोठा उत्सव कोणता?

गोंधळ लोकांचाच होतो असं नाही. एका वर्षी आम्ही दारावर लावायला फलक करून घेतला, तर त्यावर ठळक अक्षरांत 'पुण्यतिथी' छापून आलं. मजकूर मीच फोनवर सांगितला होता, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती. आदल्या रात्री एका वहिनींनी त्यावर पांढरा कागद चिकटवून जाड मार्करनं 'जयंती' लिहिलं. त्यानंतर फलक नाही. दाराला आंब्याचा डहाळा आणि रांगोळी, बस्स.

तर फरक असा. महाराजांनी देह ठेवला तो मार्गशीर्ष वद्य दशमीला, शके १८३५, म्हणजे २२ डिसेंबर १९१३, सोमवारी पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांनी. गोंदवल्याचा मोठा उत्सव तो. वद्य प्रतिपदेपासून दशमीपर्यंत दहा दिवस चालतो, आणि शेवटच्या पहाटे त्या मिनिटाला समाधीवर फुलं पडतात तेव्हा पटांगणात मुंगीला जागा नसते. जयंती त्या मानानं शांत. पुण्यतिथीला आपण गोंदवल्याला जायचं आणि जयंती गावात करायची, अशी वाटणी आमच्या आधीच्या पिढीनं करून ठेवली आहे. मला ती पटते. जिथं जन्माचा आनंद करायचा तिथं पाळणा हलवणाऱ्या माणसाचा चेहरा सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि माजघरात तो दिसतो.

घरात नवीन सून आली आहे, विदर्भाकडची. तिला महाराजांबद्दल थोडक्यात काय सांगू?

तिला समोर बसवून काही सांगू नका, तिला पाळण्याला घेऊन या. तरी विचारलंच आहे म्हणून लिहितो.

मूळ नाव गणपती रावजी घुगरदरे. घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण आणि पंढरीची वारी, दोन्ही होतं. आजोबा लिंगोपंत वारकरी. गणपती लहानपणीच गुरूच्या शोधात घरातून निघून गेला, बरंच हिंडला, अनेक साधुसंतांच्या दारात गेला. शेवटी मराठवाड्यात येहळेगावला तुकामाईंपाशी थांबला. तुकामाईंनी ज्या कसोट्या घेतल्या त्या चरित्रात वाचायच्या. आजच्या मुलांना सांगितल्या तर ती पहिल्याच कसोटीला बॅग भरतील. तिथं अनुग्रह झाला, म्हणजे गुरूकडून नामाची दीक्षा मिळाली, 'ब्रह्मचैतन्य' हे नाव मिळालं आणि रामनाम लोकांना देण्याची आज्ञा झाली.

पुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. एवढं सगळं झाल्यावर ते हिमालयात जाऊन बसले नाहीत. गोंदवल्याला परत आले, संसार केला, मुलं गेल्याचं दुःख सोसलं, शेती पाहिली, गावात राममंदिरं बांधली. गोंदवल्याची 'थोरले राम' आणि 'धाकटे राम' ही नावं तुम्ही ऐकली असतील. माणदेश म्हणजे पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. १८७६ च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी आपल्या शेतावर कामं काढली आणि राबणाऱ्यांना पोटभर खायला घातलं. गरज होती म्हणून कामं निघाली नव्हती, लोकांना फुकटचं खाण्याची लाज वाटू नये म्हणून निघाली होती. गोंदवल्याला आजही आल्यागेल्याला पान वाढतात, ते मला या दुष्काळाशी जोडलेलं वाटतं.

शिकवण एका ओळीत सांगायची तर: प्रपंच सोडू नका, नाम सोडू नका. सूनबाईंना एवढं पुरे.

आदल्या दिवशी एकादशी असते. उपास सोडायचा कधी?

द्वादशीला सकाळी पारणं. आपल्या जयंतीची मोठी अडचण आणि मोठी गंमत हीच आहे. एरवी एकादशी सोडायला घरोघर सकाळीच भात-वरण होतं. इथं निम्मी मंडळी रात्रभर नामाला बसलेली, रिकाम्या पोटी, आणि प्रसादाचं पान मांडायला साडेबारा होतात. म्हणून सकाळी आरतीनंतर तीर्थ, तुळशीचं पान आणि मूठभर दहीभात देतो. पारणं तिथंच होतं. ज्यांना साखरेचा त्रास आहे, औषधं आहेत, त्यांनी उपासच करू नये. गेल्या काही वर्षांत दोघांना भोवळ आली. नाम जेवून घेतलं तरी चालतं, पडून हात मोडला तर माळ कोण ओढणार?

दिवसभर काय काय असतं?

एकादशीला सकाळी सहापासून द्वादशीला सकाळी सहापर्यंत अखंड नाम. मग काकड आरती, पादुकांना अभिषेक, विष्णुसहस्रनाम, रामरक्षा. नऊच्या सुमारास चरित्रातला जन्माचा भाग वाचतो, पाळणा म्हणतो, फुलं आणि गुलाल उधळतो. सुंठवडा तिथंच वाटतो. मग भजन, नैवेद्य, आरती, पंगत. संध्याकाळी पंचपदी, म्हणजे पाच पदांचं भजन, आणि त्या दिवसाचं प्रवचन.

प्रवचनाचं एक मजेशीर आहे. महाराजांच्या प्रवचनांचं जे पुस्तक घरोघर वाचतात, ते १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत तारखेवार लावलेलं आहे. जयंती तिथीनं, प्रवचन तारखेनं. त्यामुळे दर जयंतीला वेगळं पान उघडतं. जयंतीसाठी राखून ठेवलेलं असं प्रवचन नाही. सुरुवातीला मला हे खटकायचं. आता वाटतं, जन्मदिवसालाही महाराज रोजचाच धडा काढून ठेवतात.

अखंड नामाला पहारा लावायचा आहे. कोणती वेळ मोकळी असते?

रात्री दोन ते चार. दरवर्षी तीच मोकळी असते, आणि दरवर्षी एक सेवानिवृत्त एस.टी. चालक ती घेतात. त्यांचं म्हणणं, तीस वर्षं मुक्कामी गाडी चालवली, त्या वेळेला आपोआप डोळा उघडतो. पण त्यांच्या जोडीला दुसरा माणूस लागतो, आणि तो आम्ही जानेवारीपासून शोधतो.

नियम थोडे आहेत. एका वेळी किमान दोघं, म्हणजे एकाला खोकला आला तरी नाम तुटत नाही. पहारा एक तासाचा. येणाऱ्यानं पाच मिनिटं आधी येऊन शेजारी बसायचं, आवाज मिसळायचा, मग आधीच्यानं उठायचं. दाराशी उभं राहून 'चला, झाली वेळ' अशी खूण करायची नाही. फोन बाहेरच्या कट्ट्यावरच्या टोपलीत ठेवायचा. चहा ओसरीवर मिळेल, माजघरात नाही. झोप आली तर उभं राहा, टाळ हातात घ्या, चाल बदला. पहाटे तीनला भैरवीच्या अंगानं जाणारी एक चाल आमच्याकडे आहे, ती धरली की म्हणणाऱ्याला जाग येते आणि शेजारच्या वाड्यातल्या आजी उठून खिडकीत बसतात. त्यांचा आजवर एकदाही तक्रारीचा निरोप आला नाही. एका वर्षी त्यांनीच विचारलं, 'काल चाल बदलली नाहीत, कोण होतं पहाऱ्याला?'

नाम कोणतं हे विचारूच नका: श्रीराम जय राम जय जय राम. तेरा अक्षरं. बोटांवर मोजून बघा.

जपाच्या वहीत काय लिहायचं असतं?

तुमचं नाव आणि वर्षभरातल्या माळा, एवढंच. एक माळ १०८ मण्यांची, पण धरायची शंभर. वरचे आठ चुकलेल्या, जांभईत गेलेल्या, मनात भाजीचा भाव आला त्या वेळच्या नामांसाठी सोडलेले.

या वहीचा हिशेब समजून घेतला तर जयंतीकडे बघण्याची नजर बदलते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मध्यम चालीत एक माळ चार मिनिटांची. तासाला पंधरा. दोघं बसले तर तीस. चोवीस तासांत ७२० माळा, म्हणजे ७२,००० नाम. ऐकायला मोठं वाटतं. आता दुसरी बाजू बघा. परंपरेत तेरा अक्षरांच्या मंत्राचा तेरा कोटी जप हा मोठा संकल्प मानतात. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तो केल्याचं सांगतात. आपल्या एका अखंड दिवसाच्या हिशेबानं तेरा कोटीला असे अठराशे दिवस लागतील. पण शंभर माणसांनी रोज घरी तेरा-तेरा माळा केल्या, तर दिवसाला १,३०,००० होतात आणि तेरा कोटी हजार दिवसांत पुरे. तीन वर्षंही लागत नाहीत. तेरा माळांना लागतात बावन्न मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांनी: दूध उतू जाईपर्यंत दोन, कोरेगावच्या गाडीत पाच, लाइट गेली की उरलेल्या.

म्हणजे उत्सवाच्या दिवशी घसा बसेस्तोवर केलेलं नाम वहीत चिमूटभर भर घालतं. वही भरते ती आषाढात, भाद्रपदात, जेव्हा कोणी फोन करत नाही. जयंतीला जुनी वही पादुकांपुढे ठेवून नवी उघडायची असते. माझ्या लेखी जयंतीचा मुख्य विधी तो आहे. पंगत त्यानंतर. फोनवर मात्र दहातले आठ प्रश्न पंगतीबद्दल असतात.

आकडा कमी असला तर लिहायला लाज वाटते. थोडा वाढवून लिहिला तर?

तुम्ही पहिले नाही. एका गृहस्थांनी एका वर्षी इतका आकडा दिला, की भागाकार केल्यावर रोजचे सव्वीस तास निघाले. मी काही बोललो नाही, लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच येऊन तो आकडा खोडला आणि त्याचा दहावा भाग लिहिला. ती खोडलेली ओळ वहीतली माझी आवडती ओळ आहे.

शून्यही लिहिता येतं. दोन घरांनी लिहिलं आहे. त्या वर्षी त्यांच्याकडे आजारपण होतं.

बोटात घालायचं मोजणीचं यंत्र चालतं का?

चालतं. फक्त त्याचा 'टिक' आवाज बंद करून आणा.

माझा अनुग्रह झालेला नाही. बसलं तर चालेल?

बसा. आमच्यातल्या निम्म्यांचा झालेला नाही. अनुग्रह मंडळ देत नाही, देऊही शकत नाही. त्यासाठी गोंदवल्याला समाधी मंदिरात जाऊन चौकशी करायची. आणि कोणी तुम्हाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर, दक्षिणा घेऊन अनुग्रह देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

मासिक पाळी असेल तर यायचं की नाही?

हा प्रश्न ताई-वहिनी मला विचारत नाहीत, आमच्या आईला विचारतात, आणि आई उत्तर देते: 'नामाला विटाळ नसतो.' महाराजांची शिकवणही हीच, की नामाला काळवेळ, सोवळंओवळं काही नाही. पहाऱ्याला बसा, वहीत लिहा, पंगतीत बसा. स्वयंपाकघराबद्दल काही वर्षांपूर्वी मंडळात बरंच बोलणं झालं. जुन्या दोघीतिघी नाराज झाल्या, एक तर वर्षभर आल्या नाहीत. आता रीत अशी: कोणी कोणाला विचारायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. नाराज झालेल्या आजी परत आल्या आहेत आणि नैवेद्याचं पान अजूनही त्याच वाढतात.

लहान मुलांना आणलं तर त्रास होईल का?

मुलांना होणार नाही, मोठ्यांना होईल, आणि तो त्यांनी सोसावा. पाळण्याची दोरी पहिल्यांदा मुलांच्याच हातात देतो. मनाचे श्लोक पाठ म्हणणाऱ्याला कंदी पेढा असतो. सगळे २०५ म्हणावेत अशी अपेक्षा नाही. अकरा म्हटले तरी पेढा पक्का. एका पोरानं 'मना सज्जना' तेवढं म्हणून हात पुढे केला होता. त्यालाही दिला.

प्रसादाला किती माणसं असतात आणि काय काय करता?

तीनशेच्या आसपास. भात, आमटी, एक भाजी, खपली गव्हाची खीर, ताक. कांदा-लसूण नाही. दरवर्षी कोणीतरी मसालेभात आणि जिलेबी सुचवतं, दरवर्षी आम्ही नाही म्हणतो. लग्नाचं जेवण लग्नात.

माप विचारतात म्हणून देतो, बाकीच्या मंडळांनाही उपयोगी पडेल. तीनशे पानांना तांदूळ ३० किलो; कोलम घ्या, इंद्रायणी चवीला सरस पण एवढ्या मोठ्या पातेल्यात तिचा गोळा होतो. तूरडाळ १२ किलो. खपली गहू १२ किलो, गूळ १५ किलो. गहू सडलेला आणायचा, आदल्या रात्री भिजत घालायचा आणि पहाटे चारला चुलीवर चढवायचा. तो पुरता मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर दाणा तिथंच अडतो, मग दुपारपर्यंत शिजवा, काही होत नाही. वरून खोबरं, खसखस, वेलदोडा, जायफळ. दूध खिरीत ओतायचं नाही, गुळानं फाटतं. पानात खीर वाढल्यावर मागून दुधाची किटली फिरवायची.

आमटीचं गणित वेगळं. गोंदवल्याला जेवलेला माणूस आमटी तीनदा मागतो, ही सवय तिथून लागते. एका वर्षी अडीचच्या पंगतीला आमटी संपली. आचारी मामा पातेल्यात गरम पाणी ओतायला निघाले होते. एका काकूंनी त्यांच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं, घरातून दोन किलो डाळ आणली, कुकर लावले आणि शेवटची पंगत वीस मिनिटं थांबवली. तेवढ्या वेळात पंगतीनं नाम घेतलं. वहीत त्या माळा कोणाच्या नावावर लिहायच्या, यावर नंतर थोडा वाद झाला. काकूंच्या नावावर लिहिल्या.

वाढपी म्हणून यायचं आहे. काही नियम?

आधी वाढायचं, मग जेवायचं. 'बास' म्हटल्यावर थांबायचं. आग्रह खिरीचा एकदाच. पानात टाकलेलं अन्न आम्ही शेवटी बादलीत मोजतो आणि पुढच्या वर्षीचं माप त्यावरून ठरतं. पत्रावळ्या पानांच्या, थर्माकोल नाही.

देणगी कुठं द्यायची? क्यूआर कोड पाठवा.

क्यूआर कोड नाही. शिधा आणा: तांदूळ, डाळ, गूळ, तूप, नारळ, काय जमेल ते, एकादशीच्या दुपारपर्यंत. मूठभर तांदूळ रुमालात बांधून आणणाऱ्या एक आजी आहेत आणि पोतं उतरवणारे एक व्यापारी आहेत. दोघांचं एकाच पिंपात जातं. नाव वाचून दाखवत नाही. उरलेला शिधा दुसऱ्या दिवशी गरजेच्या घरी जातो, कोणाच्या ते सांगत नाही. हिशेब बघायचा असेल तर गुरुवारी या, वहीच्या मागच्या पानांवर आहे.

स्पीकर लावणार का?

नाही. रात्री दहा ते सकाळी सहा तसाही कायद्यानं लावता येत नाही, आणि दिवसा गरज पडत नाही. माजघर बारा फूट रुंद आहे.

पार्किंग?

पेठेत नाही. चालत या.

जयंतीला गोंदवल्यालाच जायचं ठरवलं तर कसं जायचं?

सातारा स्टँडवरून दहिवडीमार्गे म्हसवड किंवा पंढरपूरकडे जाणारी एस.टी. धरा. रस्ता कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी असा. अंतर साधारण सत्तर किलोमीटर, एस.टी.ला दोन तास धरून चाला. कंडक्टरला 'गोंदवले बुद्रुक' असं पूर्ण सांगा, कारण जवळच गोंदवले खुर्दही आहे. पुसेगावला गाडी थांबली तर सेवागिरी महाराजांच्या मंदिराला बसमधूनच हात जोडायची आमच्या घरची रीत आहे.

माघात तिकडं पहाटे चांगली थंडी असते आणि दुपारी ऊन लागतं. शाल आणि टोपी दोन्ही ठेवा. समाधीपुढे गर्दी नसेल तर बसून घ्या. फोटो काढण्यात वेळ घालवू नका. प्रसादाची वेळ चुकवू नका, आणि पान स्वच्छ करा. तिथं कोणी रागावत नाही, पण शेजारी बसलेला माणदेशी म्हातारा तुमच्या पानाकडे एकदा बघतो, तेवढं पुरतं.

लगेच दासनवमी येते. दोन्ही उत्सव एकाच संप्रदायाचे का?

साताऱ्यात माघ म्हणजे देवाधर्माच्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही. चतुर्थीला गणेशजयंती, सप्तमीला रथसप्तमी, एकादशी, आपली द्वादशी, मग गुरुप्रतिपदा, वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमी आणि चतुर्दशीला महाशिवरात्र. आपल्या जयंतीपासून दासनवमी बाराव्या दिवशी येते.

दासनवमी ही समर्थ रामदासांची पुण्यतिथी. जन्म त्यांचा रामनवमीचा, शके १५३०, जांब गावी. देह ठेवला सज्जनगडावर, शके १६०३. दोघांमध्ये दोन शतकांहून जास्त अंतर आहे. पण राम तोच, तेरा अक्षरं तीच, आणि महाराज लोकांना दासबोध वाचायला सांगत. आमच्या गुरुवारी एक समास होतो. दासबोधाचे समास २००, वर्षाचे गुरुवार बावन्न, म्हणजे एका पारायणाला जवळजवळ चार वर्षं. सध्या कोणता दशक चालू आहे विचारू नका, येऊन ऐका. दासनवमीला गडावर जाणाऱ्यांची एक जीप मंडळातून निघते. तिच्यात जागा कधीच उरत नाही, त्यामुळे पायऱ्यांची तयारी ठेवून परळीपर्यंत एस.टी.नं या.

यायला जमत नाही. घरीच जयंती कशी करावी?

तसबिरीला हार, एक दिवा, सकाळी जमेल तेवढ्या माळा. चरित्रातला जन्माचा भाग मोठ्यानं वाचा, घरात एकटे असलात तरी मोठ्यानं. नैवेद्य वरणभाताचा चालतो. सुंठवडा करायचा असेल तर सुंठ, किसलेलं सुकं खोबरं, खारीक, खसखस, पिठीसाखर. सुंठ बेतानं, मुलं थुंकतात. आरतीनंतर 'जानकीजीवनस्मरण जय जय राम' म्हणा आणि त्या दिवशी दारावर जो कोणी येईल, कुरिअरवाला असो की मीटर बघायला आलेला, त्याला काहीतरी खायला द्या. पाणी तरी.

आणि माळांचा आकडा मला कळवा. वहीत परगावच्यांचं वेगळं पान आहे. दुबईचा एक मुलगा तिथल्या सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा एकत्र पाठवतो.

मागच्या वर्षी आमचा डबा राहिला. आहे का अजून?

तीन डबे आहेत. एक पितळी, कडीचा. एक प्लॅस्टिकचा, त्याचं झाकण दुसऱ्याच कोणाचं आहे. तिसरा स्टीलचा, तीन पुडांचा. त्यावर नाव कोरलेलं होतं, पण घासून घासून आता फक्त 'सौ.' एवढंच वाचता येतं. ज्या सौभाग्यवतींचा असेल त्यांनी गुरुवारी घेऊन जावा.